फोटोची मागची बाजू



पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून शनिवारी वाचा.

"पन्नास हजार फोटो झालेत, नीट लावायला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?" हा प्रश्न आपल्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतं. मग खाली दहा जण दहा नावं लिहून जातात. मीही एकदा घाईत एक नाव लिहून मोकळी झाले होते. आज सविस्तर लिहिते, कारण या बाबतीत मी दोनदा चुकले आहे आणि दुसरी चूक आता दुरुस्त होण्यासारखी राहिलेली नाही.

मी सीए. २००९ पासून दुबईत. लोकांचे हिशेब नीट आहेत की नाहीत हे तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आणि स्वतःच्या घरच्या फोटोंचा हिशेब मी असा काही घालवला की कुठल्या क्लायंटने तसं केलं असतं तर चांगलं ऐकवलं असतं.

पहिली चूक

मुलगी २००९ ची. पहिली सहा वर्षं मी रोज रात्री ती झोपली की पिकासा उघडून बसायचे. आठवतंय ना पिकासा? एका चेहऱ्याला नाव दिलं की तसे बाकीचे चेहरे ते शोधून आणायचं. सासू-सासरे, नणंदा, बिल्डिंगमधल्या मैत्रिणी, पाळणाघरातल्या ताई, सगळ्यांना मी नावं दिली. काही फोटोंखाली एखादी ओळही लिहायचे, इंग्रजी अक्षरांत मराठी: "पहिला दात", "क्रीकपार्क, पडली तो दिवस".

फेब्रुवारी २०१६ मध्ये गूगलने जाहीर केलं की पिकासा बंद होतंय, आणि १५ मार्चपासून सपोर्ट थांबला. माझ्या लॅपटॉपवर होतं ते चालतच होतं, म्हणून मी दुर्लक्ष केलं. दोन वर्षांनी लॅपटॉप बदलला. फोटोंचे फोल्डर डिस्कवर घेतले, नव्या मशीनवर टाकले. फोटो सगळे आले. नावं एकही आलं नाही.

का, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. चेहऱ्यांची नावं फोटोत नव्हतीच. ती पिकासाच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये होती. नावं फोटोतच लिहायची सोय पिकासाच्या शेवटच्या आवृत्त्यांत आली होती, पण ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागायची, आणि मी कशाला तिथे जातेय? गंमत म्हणजे फोटोखाली लिहिलेल्या त्या ओळी मात्र टिकल्या. "पहिला दात" आजही दिसतं. कारण ती ओळ पिकासा फोटोच्या फाइलच्या पोटात लिहीत होतं.

एकच सॉफ्टवेअर, एकच बाई, एकच रात्र. पोटात लिहिलेलं टिकलं, बाहेर लिहिलेलं गेलं. तेव्हाच मी शहाणी व्हायला हवी होते. पण तोवर दुसरी चूक करून झाली होती.

दुसरी चूक

आमचं घर सांगलीत, गावभागात. बाबा मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. आयुष्यभर रोजकीर्द लिहिली. रक्कम लिहिण्याआधी तपशील लिहायचा, हा त्यांचा नियम. मी आठवीत असताना मला घरखर्चाची वही घातली त्यांनी, त्यातही तेच. "नुसते चाळीस रुपये काय लिहितेस? कोणाला, कशाचे, कोणी दिले?" पुढे सीएच्या अभ्यासात नॅरेशन शिकले, तेव्हा मला त्यात नवीन काहीच वाटलं नाही.

बाबांकडे आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलात बारा फोटो. स्टुडिओतून प्रिंट आल्या की रविवारी दुपारी शाईचं पेन घेऊन बसायचे आणि प्रत्येक फोटोच्या मागे लिहायचे. तारीख, ठिकाण, आणि "डावीकडून" असं लिहून ओळीने सगळी नावं. मुलांची, म्हाताऱ्यांची, मागे उभ्या असलेल्या मोलकरणीचंही. मग कोपरे लावून फोटो अल्बमात.

२०१७ च्या दिवाळीत चार दिवसांची रजा काढून घरी गेले होते. इकडे १ जानेवारी २०१८ पासून व्हॅट सुरू होणार होता, ऑफिसात श्वास घ्यायला वेळ नव्हता. तरी म्हटलं एक काम करूनच जायचं. सगळे जुने अल्बम उचलले आणि गावातल्या एका दुकानात स्कॅन करायला दिले. ११४० फोटो, फोटोमागे ५ रुपये. दुकानदार म्हणाला, "ताई, मागं पण लिहिलंय. दोन्ही बाजू करायच्या का? डबल पडतील." मी मनातल्या मनात हिशेब केला, ५,७०० चे ११,४०० होणार. म्हटलं नको, पुढचीच करा.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "मागचं नाही घेतलंस?"

मी म्हणाले, "मूळ फोटो आहेतच की तुमच्याकडे. ते कुठे जातायत?"

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आमच्या घरात शिरलं. सांगलीकरांना तो आठवडा वेगळा सांगायला नको. आई-बाबा वेळेवर विश्रामबागला मावशीकडे गेले, जीव वाचले, त्यापुढे बाकी काही मोठं नाही. पण पलंगाखालच्या लोखंडी ट्रंकेत अल्बम होते आणि ट्रंक पाच-सहा दिवस पाण्यात होती. उघडली तेव्हा फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. भावाने जमतील तेवढे सोडवून दोरीवर वाळवले. काहींवर चेहरे राहिले. मागे मात्र निळे डाग. शाईचं पेन ना. बॉलपेनने लिहिलेले तेवढे ६३ फोटो वाचता आले.

बाबा त्यावर एवढंच म्हणाले, "हरकत नाही, मला पाठ आहेत. तू एकदा बस समोर, मी सांगतो, तू लिही."

मी म्हणाले, "ऑडिटचा सीझन संपू दे."

मग कोरोना आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाबा गेले.

म्हणजे माझ्याकडे ११४० फोटोंच्या छान, स्वच्छ स्कॅन फायली आहेत. रक्कम आहे, तपशील नाही. ५,७०० रुपये वाचवले.

मग सॉफ्टवेअर निवडताना काय बघायचं?

गेल्या वर्षी आईला विसरायला व्हायला लागलं, अजून थोडंच आहे, पण आहे. तेव्हा मी खडबडून जागी झाले आणि या कामाला ऑडिटसारखी बसले. ५० फोटोंचा नमुना घेतला. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच ५० फोटोंना नावं दिली, खाली माहिती लिहिली, मग त्या फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या. प्रश्न एकच: मी लिहिलेलं दिसतंय का?

हे समजायला थोडी तांत्रिक गोष्ट सांगावी लागेल, घाबरू नका. फोटोच्या फाइलला खरोखरच मागची बाजू असते. कॅमेरा तिथे स्वतःहून तारीख, वेळ, कधीकधी जागा लिहून ठेवतो, त्याला एक्झिफ म्हणतात. माणसांनी लिहायच्या मजकुरासाठी आयपीटीसी नावाचा जुना साचा आहे, वर्तमानपत्रांच्या फोटोंसाठी केलेला. आणि २००१ पासून ॲडोबीने आणलेला एक्सएमपी. सॉफ्टवेअर कुठलंही असो, तुमचा मजकूर या मागच्या बाजूवर लिहीत असेल तर तो फोटोबरोबर कुठेही जातो. फक्त स्वतःच्या डेटाबेसात लिहीत असेल, तर ते सॉफ्टवेअर गेलं की मजकूर गेला.

आता माझे निष्कर्ष.

१. गूगल फोटोज. बघायला आणि शोधायला उत्तम, याबद्दल वाद नाही. १ जून २०२१ पासून फुकट अमर्याद जागा बंद झाली, आता जीमेल आणि ड्राइव्ह धरून १५ जीबी. पण खरा मुद्दा जागेचा नाही. तिथे फोटोला लिहिलेलं वर्णन फोटोच्या फाइलमध्ये जात नाही. टेकआउट करून सगळं उतरवून घेतलंत तर वर्णनं वेगळ्या जेसन फायलींमध्ये मिळतात, म्हणजे फोटो एका हातात आणि चिठ्ठी दुसऱ्या हातात. जोडत बसा. शिवाय आपल्यापैकी बहुतेकांची खाती इथल्या मोबाइल नंबरवर आहेत. उद्या नोकरी गेली, व्हिसा रद्द झाला, सिम बंद केलं, की ओटीपी कुठे येणार? आज रात्रीच दुसरा मार्ग नोंदवून ठेवा, हे फोटोंपुरतं नाही, सगळ्याच खात्यांसाठी सांगतेय.

२. ॲपल फोटोज. मॅकवाल्यांना सोपं. शीर्षक, मजकूर, टॅग हे बाहेर काढताना फोटोत येऊ शकतात, पण एक्सपोर्ट करताना ती खूण करायला लागते. चेहऱ्यांना दिलेली नावं मात्र बाहेर येत नाहीत. त्यामुळे चेहऱ्यांवर विसंबू नका, नावं मजकुरातही लिहा.

३. लाइटरूम क्लासिक. फोटोग्राफी गंभीरपणे करणाऱ्यांसाठी खरोखर चांगलं. पण दर महिन्याचे पैसे. वर्गणी थांबवली तरी कॅटलॉग उघडतो आणि फोटो बघता येतात, फोटो सुधारायचा विभाग बंद होतो. आणि लक्षात ठेवा, बदल आपोआप एक्सएमपीत लिहायची खूण तिथे आपल्याला करावी लागते, नाहीतर सगळं कॅटलॉगमध्येच राहतं. वर्षानुवर्षं वापरणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला हे माहीत नव्हतं.

४. एक्सएनव्ह्यू एमपी. घरगुती वापराला फुकट, हलकं, जुन्या लॅपटॉपवरही पळतं. फोल्डर चाळायला आणि मागच्या बाजूला मजकूर लिहायला चांगलं. ज्यांना चेहरे ओळखण्याची गरज नाही त्यांना हे पुरे आहे.

५. डिजीकॅम. मी शेवटी हे घेतलं. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. फोटो तुमच्याच फोल्डरमध्ये राहतात, इकडेतिकडे हलवत नाही. चेहरे तुमच्याच कॉम्प्युटरवर ओळखतं, कुठे पाठवत नाही. टॅग, मजकूर, तारीख आणि चेहऱ्यांची नावंसुद्धा फाइलमध्ये लिहितं. एकसारखे फोटो शोधून देतं. दिसायला मात्र जुन्या सरकारी कचेरीसारखं आहे, कुठे काय आहे ते पहिले दोन आठवडे सापडत नाही. पहिल्यांदा सगळे फोटो वाचायला माझ्या मशीनवर अख्खी रात्र गेली. बसवल्यावर पहिलं काम हे करा: सेटिंगमध्ये मेटाडेटा विभागात जाऊन कायकाय फाइलमध्ये लिहिलं जातंय त्या खुणा तपासा. आणि आधी सगळ्या फोटोंची एक प्रत वेगळी काढून ठेवा. मूळ प्रतीवर प्रयोग करू नये.

यातलं कुठलंही घ्या, मला काही कमिशन नाही. पण मी केली तशी चाचणी स्वतः करा. पाच फोटो, पाच मिनिटं. लिहा, फाइल दुसरीकडे न्या, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. दिसलं तर ठेवा, नाहीतर सोडा.

मराठीत लिहिताना

आता आपल्या खास अडचणी, ज्या इंग्रजी परीक्षणांत कोणी लिहीत नाही.

पहिली, लिपी. जुन्या आयपीटीसी साच्यात एका टॅगला ६४ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, आपलं देवनागरी तीनचं. काना, मात्रा, वेलांटी यांचे प्रत्येकी तीन वेगळे. म्हणजे जेमतेम एकवीस चिन्हं. "लक्ष्मीबाई विष्णुपंत" एवढ्यातच ती जवळजवळ संपतात. काही ठिकाणी अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हंही दिसतात. एक्सएमपीत ही भानगड नाही, मराठी नीट बसतं. म्हणून लांब मजकूर टॅगमध्ये कोंबू नका, वर्णनाच्या रकान्यात लिहा, आणि तो एक्सएमपीत जातोय ना ते बघा.

दुसरी, नाती. मी सुरुवातीला टॅग केले: आजी, अक्का, मामा. मुलीने विचारलं, "आजी म्हणजे तुझी की माझी?" बरोबर आहे तिचं. चाळीस वर्षांनी तिच्या मुलांनी "आजी" वाचलं तर त्यांना मी वाटेन. आणि अक्का तर प्रत्येक घरात असते, आमच्याकडे तीन आहेत. तेव्हा टॅगमध्ये पूर्ण नाव, नातं वर्णनात.

तिसरी, बायकांची नावं. आईचं माहेरचं नाव लीला, लग्नात सुनंदा झालं. १९७० च्या फोटोत ती लीला आहे, १९७२ च्या फोटोत सुनंदा. एकच चेहरा, दोन खाती. मी एकाच टॅगमध्ये दोन्ही नावं ठेवली, लीला आधी. आईला दाखवलं तर बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "लीला कोणी लिहिलं नव्हतं बरीच वर्षं."

चौथी, तारखा. स्कॅन केलेल्या फोटोवर स्कॅनची तारीख पडते. त्यामुळे आई-बाबांचं लग्न माझ्या कॉम्प्युटरवर ऑक्टोबर २०१७ मध्ये, व्हॅटच्या ट्रेनिंगच्या फोटोंशेजारी लागलं होतं. तारखा बदलाव्या लागतात. नक्की माहीत नसेल तर मी त्या वर्षाचा १ जानेवारी घालते आणि "तारीख अंदाजे" असा टॅग लावते. अंदाजाला अंदाज म्हणायचं. नाहीतर पुढच्या पिढीला वाटेल की आमच्या घरातली सगळी लग्नं १ जानेवारीला झाली.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंची मागची बाजू तर कोरीच असते, तारीखसुद्धा पुसून जाते आणि फोटोही बारीक होतो. नातेवाइकांकडून जुने फोटो मागवताना त्यांना सांगा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आईबरोबरचे रविवार

या जानेवारीपासून दर रविवारी आमचा कॉल असतो. आपल्या साडेदहा, तिकडे बारा. आईला फोनवर फोटो नीट दिसत नाहीत, म्हणून भावाने एका पानावर सहा असे सगळे फोटो छापून दिले, प्रत्येकाखाली क्रमांक. ती कागद हातात धरते, मी इकडे तोच क्रमांक उघडते, मुलगी टाइप करते. तासाभरात वीस फोटो होतात. त्याहून जास्त करत नाही, आई दमते.

सुरुवातीला मी ऑडिटरसारखी विचारत होते. हा कोण, ही कोण, कुठलं साल. ती गोंधळायची, मग चिडायची. मुलीने मला गप्प बसवलं आणि विचारलं, "आज्जी, इथे जेवायला काय होतं?" आणि आई सुरू झाली. शिरा बिघडला होता, कोण रुसलं होतं, साडी कोणाची मागून आणली होती. त्या बोलण्यात चार नावं आपोआप आली. तेव्हापासून प्रश्न मुलगी विचारते. मी फक्त नोंद करते.

एकदा डिजीकॅमने आईच्या एकोणिसाव्या वर्षीच्या फोटोवर माझ्या मुलीचं नाव सुचवलं. मुलगी खूश. मी नियमाप्रमाणे "नाही" दाबायला गेले, तर आई म्हणाली, "चूक असली तरी राहू दे की गं." शेवटी टॅग बरोबरच ठेवला, पण वर्णनात लिहिलं की मशीन असं म्हणालं होतं.

काही वेळा आई एकाच बाईला दोन रविवारी दोन नावं सांगते. पहिल्यांदा मी तिला दुरुस्त करायला गेले आणि तिच्या चेहऱ्यावर जी भीती दिसली, ती पुन्हा बघायची नाही मला. आता दोन्ही नावं लिहिते. "आईच्या सांगण्यावरून, ९ मार्च २०२५: कमळाबाई. आईच्या सांगण्यावरून, ६ एप्रिल २०२५: इंदू." कोणी सांगितलं आणि कधी, एवढं असलं की नोंद खरी राहते, उत्तर चुकलं तरी. मग मावशीला विचारायचं, मामेभावाला विचारायचं. दोघं सांगतात तेच खरं असेलच असं नाही, पण नोंद तरी राहते.

तुम्ही काय कराल

जुलै-ऑगस्टला आपल्यापैकी निम्मे लोक मुलांना घेऊन गावी जातीलच. एवढं करा.

सगळे अल्बम पुरे करायच्या नादी लागू नका. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला जे फोटो माहीत आहेत, ते आधी घ्या. तुमच्या मुलांचे वाढदिवस थांबतील, त्यातली नावं तुम्हाला पाठ आहेत.

फोटो काढाल किंवा स्कॅन कराल, तर दोन्ही बाजूंचे. मागची बाजू कोरी दिसली तरी. स्टुडिओचा शिक्का असतो, पेन्सिलीने क्रमांक असतो, त्यावरून गाव आणि साल सापडतं.

दोन फायलींना एकच क्रमांक द्या, पुढची आणि मागची. मग मागचं वाचून पुढच्याच्या वर्णनात टाइप करा.

सुप्रभातचे फोटो काढून टाका. माझ्याकडे नऊ हजार निघाले. फुलं, सूर्योदय आणि चहाचे कप.

आणि प्रती ठेवा. पीटर क्रोग नावाच्या फोटोग्राफरने रूढ केलेला ३-२-१ चा नियम साधा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. माझी एक लॅपटॉपवर, एक इथल्या डिस्कवर, एक पुण्यात भावाच्या कपाटात, दर वर्षी बदलून नेते. डिस्क तळमजल्याच्या स्टोअररूममध्ये ठेवू नका. १६ एप्रिल २०२४ चा पाऊस विसरला नसाल. वाळवंटातही पूर येतो हे आपण बघितलंय, आणि मी तर दोन्हीकडचे बघितलेत.

गूगल फोटोज बंद करा असं मी म्हणत नाही. माझंही आहे. नातेवाइकांना दाखवायला, मुलांना फोनवर शोधायला मी तेच वापरते. पण ते दुकानाचं काउंटर. वही आत असते.

आजची बाकी

परवा ताळा केला. एकूण ११४० फोटो. सगळी नावं लागली असे ९७३. काही लागली, काही नाही असे १२६. एकही नाव लागलं नाही असे ४१. बेरीज जमते.

त्या ४१ मधला एक फोटो रोज डोळ्यांसमोर येतो. सांगलीच्या गणपती मंदिरासमोर एक मुलगी सायकल धरून उभी आहे, सोळा-सतरा वर्षांची, दोन वेण्या, आणि कॅमेऱ्याकडे बघून न हसण्याचा प्रयत्न करतेय. म्हणजे फोटो काढणारा तिच्या चांगल्याच ओळखीचा असणार. आईला माहीत नाही. मावशीला माहीत नाही. भावाने वाळवलेल्या मूळ फोटोच्या मागे दोन ओळींएवढा लांब निळा डाग आहे. दोन ओळी. बाबांनी तिच्याबद्दल बरंच काही लिहिलं होतं.

मी तिला टॅग दिलाय, "ओळख पटली नाही". वर्णनाचा रकाना कोरा ठेवायचा नाही हा घरचा नियम, म्हणून तिथेही लिहिलंय. माझ्या मुलांना, त्यांच्या मुलांना, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडलं तरी दिसेल असं, फोटोच्या आत:

"नाव बाबांनी मागे लिहिलं होतं. २०१७ मध्ये मी मागची बाजू स्कॅन केली नाही."

कोणाला सेटिंगमध्ये अडचण आली तर खाली विचारा. रविवारी साडेदहा ते साडेअकरा सोडून कधीही उत्तर देईन.